दुसऱ्या हाताचा टाका

हे वाचून हसू आलं तर खुशाल हसा. मीसुद्धा पहिल्यांदा हसलेच होते.

पण ज्या बाईच्या बाबतीत हे घडलं, ती माझी सख्खी मामी आहे. तिखटमीठ लावून सांगायची तिला सवय नाही. उलट, लोकांनी लावलेलं तिखटमीठ ती पुसून काढते. तिने हे मला एकदाच सांगितलं, दिवसाउजेडी, स्वयंपाकघरात, समोर मामा बसलेला असताना. आणि मामाने एकदाही तिला अडवलं नाही.

मामाने तिला अडवलं नाही, तेव्हाच माझं हसू गेलं.

भुताखेताची गोष्ट म्हटली की काळोखी रात्र, ओसाड रस्ता असं काहीतरी असतं. इथे तसलं काही नाही. हे सगळं घडलं हिवाळ्यातल्या स्वच्छ दुपारी आणि संध्याकाळी, चांगल्या भरवस्तीतल्या घरात. खाली न्हाव्याचं दुकान, समोर दातांचा दवाखाना, कोपऱ्यावर बसथांबा. घर वरच्या मजल्यावर. पुढची खोली, स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि मागे एक चिंचोळी खोली, जिथे पूर्वी मोडक्या छत्र्या आणि रिकामी खोकी पडून असायची.

ती मागची खोली मामीची.

मामी श्रवणयंत्रांच्या दुकानात दुरुस्तीचं काम करायची. कमी ऐकू येणाऱ्यांची कानातली यंत्रं. कुणाची तार तुटलेली, कुणाचं बटण दबलेलं. हात असा हलका, की मामा म्हणायचा, "हिच्या हातून मुंगीचं ऑपरेशनसुद्धा होईल."

दिवसभर हेच काम करून दमलेली बाई घरी येऊन काय करायची? पुन्हा तेच! तिला डिजिटल घड्याळं बनवायचा नाद लागला होता. त्याची स्वस्तातली किट मिळतात. छोट्या पाकिटात सर्किटची एक हिरवी पाटी, लाल आकड्यांचा एक डिस्प्ले, एक चिप, दोन बटणं, एक बारकासा भोंगा आणि तांदळासारखे बारीक सुटे भाग. सोबत सूचनांचा चिटोरा, कुठल्यातरी यंत्राने भाषांतर केलेला. 'योग्य पाय योग्य भोकात आनंदाने घालावा,' असं त्यात लिहिलेलं. मामी ते वाक्य येईल-जाईल त्याला वाचून दाखवायची.

प्रत्येक भागाचे तारेचे पाय पाटीच्या भोकांतून घालायचे, पाटी उलटी करायची आणि गरम सोल्डरिंगने, म्हणजे टोक तापणाऱ्या डाक द्यायच्या हत्याराने, एकेका पायाला टाका मारायचा. टाका म्हणजे वितळलेल्या धातूचा बारीक थेंब. झालं घड्याळ. बिघडलं तरी हळहळ नाही, इतकी ती किट स्वस्त. ती असतातच मुळी शिकणाऱ्यांसाठी.

हे शेवटचं वाक्य मामी सांगताना जरा थांबली होती...

घरात जिकडेतिकडे तिची घड्याळं. न्हाव्याकडे एक, दवाखान्यात एक. मामा शाळेची बस चालवायचा. तो म्हणायचा, "आमच्या घरात वेळेला तोटा नाही. फक्त कुणाचीच वेळ कुणाशी जुळत नाही."

त्या हिवाळ्यात मामाचा धाकटा भाऊ त्यांच्याकडे राहायला आला होता. मामीचा दीर, म्हणजे भावजी. शीतगृहात रात्रपाळी करायचा आणि दिवसभर पुढच्या खोलीत झोपायचा. स्वभावाने थट्टेखोर, खायला दणकट, आणि हाताने? मामीच्या भाषेत, "त्यांच्या हातात चहाचा कप दिला तरी बशी आपण धरावी लागते."

आता ऐका.

एका संध्याकाळी मामी दुकानातून आली. मागच्या खोलीत गेली. आदल्या दिवशी अर्धवट ठेवलेली पाटी उचलली.

तिला चांगलं आठवत होतं. तिने फक्त चिप बसवायची बैठक लावली होती. भोंगा अजून पाकिटात होता.

पण आता...

भोंगा पाटीवर लागलेला होता.

तिने पाटी उलटी केली. भोंग्याच्या दोन पायांवर दोन मोठाले गोळे. ओबडधोबड, मळकट. पहिल्यांदा सोल्डरिंग हातात धरणारा माणूस मारतो तसे टाके. जवळच टेबलावर एक ताजा काळा डाग होता, जळल्याचा.

मामी खुदकन हसली. भावजी!

रात्री जेवताना ती सहज म्हणाली, "कुणाला काही शिकायचं असेल तर सरळ विचारावं. मी काय खाते का?"

भावजींनी मान वर केली. "मला म्हणताय, वहिनी?"

"छे छे, भिंतीला म्हणतेय."

"मग भिंतीला वाढा अजून थोडा भात. तिची भूक भागलेली नाही." त्यांनी ताट पुढे केलं.

मामा हसला. मामीही हसली. विषय संपला.

पण प्रकार संपला नाही.

आठवड्यात दोन-तीनदा तरी असं व्हायला लागलं. अर्धवट ठेवलेल्या पाटीवर एखादा भाग वाढलेला. कधी बटण, कधी डिस्प्लेचे दोन-चार पाय. आणि टाके... टाके सुधारत होते. गोळे लहान झाले. मळकटपणा गेला. पायांची वर उरलेली टोकं आधी वेडीवाकडी कापलेली असायची, ती आता नीट कापलेली दिसायला लागली.

मामीला सुरुवातीला कौतुकच वाटलं. मग राग यायला लागला. शिकायचं तर लपूनछपून कशाला? आणि विचारलं की तो निरागस चेहरा कशाला?

"भावजी, काल डिस्प्ले तुम्ही लावलात ना?"

"वहिनी, मला तो डिस्प्ले उलटा का सुलटा तेसुद्धा कळत नाही."

"लावला असलात तर चांगलं आहे हो. मी रागावत नाहीये."

"पण नाही लावला तर काय करू? खोटं हो म्हणू?"

असं म्हणताना ते तिच्याकडे बघायचे, ते वेगळंच. जणू काही खोटं बोलतेय ती मामीच.

मामीच्या मनात ते बघणं रुतून बसलं.

एका दुपारी दुकानात वीज गेली म्हणून मामी लवकर घरी आली. जिना चढून तिने आपल्या किल्लीने दाराचं लॅच उघडलं. चपला काढायला वाकली...

आणि आवाज आला.

पीप.

पीप... पीप...

तिने तो आवाज लगेच ओळखला. घड्याळाचं बटण दाबलं की भोंगा तसा वाजतो. मागच्या खोलीत कुणीतरी घड्याळ लावत होतं. शांतपणे, एकेक आकडा पुढे सरकवत.

सापडला चोर! मामी चपला हातात घेऊन दबक्या पावलांनी निघाली. बोळातून पुढच्या खोलीवरून जाताना सहज तिने आत डोकावलं.

भावजी पांघरुणात होते. तोंड उघडं. घोरत होते.

मागच्या खोलीतून पुन्हा...

पीप.

मामी जागच्या जागी थांबली. मग तिने धावत जाऊन दार ढकललं.

खोली रिकामी.

खिडकीला आतून कडी. टेबलावर एक पूर्ण झालेलं घड्याळ. लाल आकडे लखलखत होते. वेळ अगदी बरोबर होती. फक्त एका आकड्याची एक रेघ पेटत नव्हती. कुठेतरी एक टाका कच्चा राहिला होता, एवढंच.

ते घड्याळ मामीने केलेलं नव्हतं. ते किट तर तिने अजून उघडलंसुद्धा नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, तिला घाम फुटला असेल. नाही. मामीला घाम फुटला नाही, तिचं डोकं फिरलं. तिला वाटलं, हा दीर सोंग करतोय. आपली पावलं ऐकली आणि पळत जाऊन पांघरुणात शिरला. घोरण्याचं नाटक कुणालाही येतं.

तिने त्यांना हलवून उठवलं.

"उठा! पुरे झालं सोंग."

भावजी डोळे चोळत उठले. "काय झालं? आग लागली?"

"माझ्या खोलीत जाऊन माझ्याच वस्तू वापरायच्या आणि माझ्याच तोंडावर नाही म्हणायचं! मी काय वेडी आहे का? का मला वेडी ठरवायचंय तुम्हाला?"

भावजी तिच्याकडे बघतच राहिले. चेहऱ्यावरची झोप हळूहळू उतरली. थट्टाही उतरली.

"वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले, "त्या खोलीत कोण असतं हे तुम्हालाच माहीत. माझ्यावर का ढकलताय?"

या वाक्याचा अर्थ मामीला तेव्हा कळला नाही. तिला ते उद्धट वाटलं. शब्दाला शब्द लागला. मामा येईपर्यंत भावजींची पिशवी भरून दाराशी होती. मामाने दोघांना समजावलं, पण कुणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं. जाताना भावजींनी मामीकडे वळूनही पाहिलं नाही.

मामा त्या दिवशी जेवला नाही. एवढंच म्हणाला, "एका टाक्यासाठी माझा भाऊ घालवलास."

मामी मनात म्हणाली, आता तरी कळेल कोण खोटं होतं ते.

कळलं. लगेच कळलं.

दोनच दिवसांनी अर्धवट ठेवलेल्या पाटीवर नवे टाके होते...

भावजी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मित्राच्या खोलीवर. घराची किल्ली ते टेबलावर ठेवून गेलेले.

मग राहिलं कोण?

मामा.

शाळेची बस सकाळी मुलांना सोडते आणि दुपारी परत आणायला जाते. मधला वेळ मामा घरीच असायचा. हे मामीच्या डोक्यात आलं आणि मग काही केल्या जाईना. सोल्डरच्या धुराने त्याचा घसा धरायचा. हा नाद सोड, असं त्याने दोन-तीनदा सुचवलंही होतं. मग हा आपल्याला घाबरवून तो सोडवतोय का? ज्या माणसाबरोबर अर्धं आयुष्य काढलं, त्याच्या हाताची बोटं ती चोरून बघायला लागली. कुठे भाजल्याची खूण आहे का? बाहीला सोल्डरमधल्या राळेचा वास येतो का?

आणि मामा तिच्याकडे बघायचा.

"अगं, तूच करत असशील," एकदा तो म्हणाला. "करतेस आणि विसरतेस. होतं असं. आपण डॉक्टरांना विचारू या का?"

"म्हणजे मी वेडी?"

"मी वेडी कुठे म्हटलं?"

"अहो, मग डॉक्टर कशाला? घड्याळ तपासायला?"

घरात दोन माणसं. आणि दोघांचंही एकमेकांवर लक्ष.

मामीने मग सोल्डरिंगच पर्समध्ये घालून दुकानात न्यायला सुरुवात केली. हत्यारच नाही तर टाका मारणार कशाने? खोलीला कुलूप, किल्ली गळ्यात. मामाने ते कुलूप पाहिलं आणि चहा अर्धा सोडून उठला.

त्या संध्याकाळी तिने कुलूप उघडलं.

पाटी होती तिथेच होती. तिने ती उचलली.

पाटी कोमट होती.

नवे टाके होते... आणि ते बघून मामी मटकन खुर्चीत बसली. कारण आता ते कुणा शिकाऊ माणसाचे राहिले नव्हते.

हातावरून माणूस ओळखू येतो. जसं अक्षर, तसा टाका. मामी टाका संपवताना सोल्डरिंग किंचित डावीकडे वळवून उचलते. त्यामुळे थेंबाला एका बाजूला बारीकशी शेपटी येते. दुकानाच्या मालकांना ती शेपटी माहीत होती, तिला स्वतःलाही. दुसऱ्या कुणाच्या टाक्याला ती तशी येत नाही.

या टाक्यांना ती शेपटी होती.

तिने भिंगाखाली धरून पाहिलं. आपला कुठला आणि दुसरा कुठला, हे तिला सांगता येईना.

त्या क्षणी पहिल्यांदा ती घाबरली. आणि तिला जे वाटलं ते तिने मला जसंच्या तसं सांगितलं, "मला वाटलं, हे खरंच मी तर करत नाहीये?"

तिने मामाला हाक मारली. सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "अहो, तुम्ही माझ्यावर संशय घेता, मी तुमच्यावर घेते. एक दिवस दोघं मिळून बसू. म्हणजे एकाचा तरी संशय फिटेल."

तिच्या सुट्टीचा दिवस धरला. मामाने बस दुसऱ्या चालकाला दिली.

दुपार. खिडकीतून ऊन थेट टेबलावर आलेलं. खाली न्हाव्याच्या दुकानातून रेडिओचा आवाज. टेबलावर एक अर्धवट पाटी, ओला स्पंज, सोल्डरिंग. त्याचा प्लग काढून मामीने हातात धरला होता. ती टेबलाकडे पाठ करून बसली. मामा तिच्यासमोर, तोंड टेबलाकडे.

"मी टेबलाकडे बघतो, तू माझ्याकडे बघ," तो म्हणाला. "लग्नात बघितलं होतंस, त्यानंतर आजच."

मामीला हसू आलं. खूप दिवसांनी.

मामा बोलत राहिला. बसमधल्या मुलांच्या गमती. एक मुलगी रोज डबा सीटखाली विसरते. एक मुलगा उतरताना दाराला टाटा करतो. बोलता बोलता तो सांगायला लागला, "आणि काल तर त्या छोट्याने काय केलं माहितीये, त्याने सरळ..."

मामा थांबला.

वाक्याच्या मधोमध.

त्याची नजर मामीच्या खांद्यावरून मागे गेली होती. तिथेच थिजली.

खालचा रेडिओ चालू होता. पण खोलीतलं बाकी सगळं... जणू कुणीतरी कान देऊन ऐकत होतं.

आणि मग तिच्या पाठीमागे, अगदी जवळ...

छस्स.

गरम टोक ओल्या स्पंजवर पुसल्याचा आवाज.

राळेचा वास आला. ताज्या धुराचा. मामीने मुठीतला प्लग घट्ट दाबला. तो तिच्याच हातात होता. वायर तिच्या मांडीवरून गेलेली.

मग खट्. सोल्डरिंग परत स्टँडवर ठेवल्याचा आवाज.

मामी वळली.

कुणी नव्हतं.

पण पाटीवर एक टाका चमकत होता. आरशासारखा, ओला. वितळलेला धातू निवायच्या आधी क्षणभर तसा दिसतो. तो तिच्या डोळ्यांदेखत थरथरला... आणि निवला. चमक मंद झाली. एका बाजूला बारीकशी शेपटी.

स्पंजमधून अजून वाफ निघत होती.

"काय पाहिलंत?" तिने मामाला विचारलं.

"काही नाही."

"मग बोलता बोलता थांबलात का?"

"काही नाही दिसलं, म्हटलं ना."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो उठला, टेबलावरचं सगळं एका खोक्यात कोंबलं. पाट्या, किट, सोल्डरिंग, भिंग. मग घरभर फिरून भिंतींवरची घड्याळं काढली. त्यातलं कुठलं कुणी केलेलं होतं, हे आता कुणाला सांगता येणार? सगळीच काढली. खोकं बसमध्ये टाकून तो गेला आणि उशिरा परतला. कुठे टाकलं, ते मामीने विचारलं नाही.

त्याने काय पाहिलं, ते त्याने आजतागायत सांगितलेलं नाही. मामी म्हणते, "खोटं बोलतात. त्यांना दिसलं होतं." ती हे बोलली तेव्हा मामा समोरच होता. तो उठून गॅलरीत गेला.

खोकं गेलं आणि घर शांत झालं.

मामीला आता एकच गोष्ट टोचत होती. ती भावजींच्या खोलीवर गेली. दारात उभी राहून म्हणाली, "माझं चुकलं. तुम्ही नव्हता."

भावजींनी तिला आत बसवलं. चहा केला, अर्धा बशीत सांडला. मग म्हणाले, "वहिनी, मीही तुमच्याविषयी वाईट विचार केला."

"कसला?"

"मी दुपारी झोपायचो ना, तेव्हा मागच्या खोलीत रोज काम चालायचं. कापायचा आवाज, ठेवायचा आवाज. मला वाटायचं, तुम्ही दुकानात जाते म्हणून निघता आणि मागच्या मागे परत येता. दादाला फसवताय असं वाटलं. का, ते कळत नव्हतं. म्हणून गप्प बसलो."

मामीच्या हातातला कप थांबला.

"भावजी, मी तर दुकानात असायचे."

"ते आता कळलं." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "एकदा मी पडल्या पडल्या हाक मारली होती. म्हटलं, वहिनी, चहा टाकताय का?"

"मग?"

"आतून 'हूं' आलं."

"माझ्या आवाजात?"

"तुमच्याच." ते थांबले. "म्हणजे... तुमचा आवाज कुणी पाठ केल्यासारखा."

भावजी परत राहायला आले नाहीत. येतात, जेवतात, अंधार पडायच्या आत जातात.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

मामी दुकानात जात होती. काम नेहमीचं. दुरुस्तीला आलेली यंत्रं एका ट्रेमध्ये असायची, ती एकेक करून उचलायची. एक दिवस तिने यंत्र उघडलं. तुटलेली तार जोडलेली होती.

तिला वाटलं, काल आपणच केली असेल. दुकानात दुरुस्ती करणारी ती एकटीच.

दुसऱ्या दिवशी आणखी एक.

तिने भिंगाखाली धरलं. टाका सुबक होता. बारीकशी शेपटी, डावीकडे.

मामीला आठवेना. खरंच आठवेना. मग तिने ते केलं जे करायला नको होतं. तिने ते यंत्र आपल्या कानात घातलं आणि बटण सुरू केलं.

रस्ता ऐकू आला. पंखा ऐकू आला. मालक बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत होते, ते ऐकू आलं.

आणि या सगळ्याच्या अलीकडे... कानाच्या अगदी जवळ...

कुणीतरी श्वास घेतला.

आणि रोखून धरला.

बारीक टाका मारताना हात हलू नये म्हणून माणूस श्वास रोखतो, तसा. खूप वेळ. मग हळूच सोडला. जणू काम मनासारखं झालं.

मामीने यंत्र काढून टेबलावर टाकलं. तिला एकच गोष्ट समजत होती. ती स्वस्तातली किट शिकण्यासाठी असतात. आणि कुणीतरी त्यांच्यावर शिकून घेतलं होतं.

कशासाठी?

मालकांना काय सांगणार? माल सदोष आहे, असं सांगून तिने त्या काळात दिलेली सगळी यंत्रं परत मागवली. लोकांनी कुरकुर करत आणून दिली. "हल्ली जरा जास्तच ऐकू येतं," असं दोघंतिघं म्हणालेही. तिने त्यांना नवी यंत्रं दिली.

सगळी आली. एक सोडून.

ते होतं एका म्हाताऱ्या बाईंचं. तरुणपणी तलावावर मुलांना पोहायला शिकवायच्या. पाण्यानेच कान गेले म्हणायच्या. घरात एकट्या. दोनदा निरोप पाठवूनही त्या आल्या नाहीत, तेव्हा मामी स्वतः गेली. भर दुपारी.

बाईंनी दार उघडलं. स्वच्छ घर, खिडकीत कुंड्या. त्यांनी मामीला पाणी दिलं, प्रेमाने बसवलं. मामीने विषय काढताच त्यांचा हात कानाकडे गेला. यंत्र झाकून घ्यावं तसा.

"नाही देणार," त्या म्हणाल्या.

"अहो, ते खराब आहे. मी नवीन आणलंय, याच्यापेक्षा चांगलं."

"नवीन मला काय करायचंय?" बाई हसल्या. लहान मुलीसारख्या. "तुम्हाला माहितीये ना यात काय आहे? तुमच्या तोंडावरून दिसतंय."

मामीने नव्या यंत्राची डबी पुढे सरकवली.

"घाबरू नका. ते काही करत नाही. शेजारी असतं, एवढंच. माझ्या शेजारी किती वर्षांत कुणी बसलं नव्हतं. मी बोलते, ते ऐकतं. आणि हुशार आहे हो! मी आयुष्यभर मुलांना शिकवलं, मला कळतं कुणाला शिकायची आवड आहे ते."

मामी उठली. दारापर्यंत बाई सोबत आल्या. जिन्याच्या पहिल्या पायरीवर मामीने शेवटचं विनवलं, "निदान झोपताना तरी काढून ठेवत जा."

"काढलं होतं परवा." बाईंनी आवाज खाली आणला, गुपित सांगावं तसा. "काढलं तरी ऐकू येतं आता. आणि कालपासून ते माझं नाव घ्यायला लागलंय..."

त्यांनी कौतुकाने मान हलवली.

"अजून नीट जमत नाही त्याला. पण येईल."

मामी त्या जिन्यावरून कशी उतरली, तिला आठवत नाही. दुकान तिने त्याच महिन्यात सोडलं. त्या बाईंकडे पुन्हा जायचं तिने कितीदा ठरवलं, पण रस्त्याच्या तोंडापर्यंत जाऊन ती दर वेळी परत फिरली.

मी तिला विचारलं, "फोन तरी करून बघायचास?"

मामीने गॅस बंद केला.

मग म्हणाली, "केला, तर उचलणारं कोण असेल? त्याच असतील, हे मी आवाजावरून कसं ओळखू?"